हात वर केल्याशिवाय

नलूताई जगतापांनी पहिल्याच भेटीत मला काठी आडवी घातली. अलंकारिक वगैरे नाही, खरोखरची हॉकीची काठी. खराडीच्या एका मॉलमध्ये तळमजल्यावर बर्फाची छोटी रिंक आहे. दिवसभर तिथं वाढदिवसाला आलेली पोरं किंचाळत असतात, पण सकाळी, मॉल उघडायच्या आधी, ती रिंक नलूताईंच्या हॉकी संघाला मिळायची. आमच्या मुक्ताला घेऊन मी तिथं पहिल्यांदा गेलो. ती कडेच्या दारातून बर्फावर उतरली, जरा घसरली आणि धप्पकन बसली. मी धावलो, तर दारात ही काठी. काठीमागं एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. अंगात पंजाबी ड्रेस, त्यावर पुरुषी स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट आणि बुटांवरून चढवलेले जुने लोकरीचे मोजे.

"हात वर केलाय का तिनं?"

म्हटलं, अहो बाई, माझी मुलगी पडलीय तिथं.

"ते मला बी दिसतंय. हात वर केलाय का?"

मुक्ताला डाउन सिंड्रोम आहे. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, आणि तोवरचं सगळं आयुष्य मी आणि आमची ही तिच्यामागं धावतच होतो. ही बाई मला थांबा म्हणत होती. मी सरकारी कचेरीत हयात घालवलेला माणूस. लोकांना थांबायला लावणं हे आमचं काम, आम्ही थांबणं नव्हे. पारा चढला. चार शब्द सुनावणार, एवढ्यात बर्फावरच्या दुसऱ्या एका मुलीनं मुक्तासमोर येऊन स्वतःचा हात वर करून दाखवला. मुक्तानं तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि हात वर केला. लगेच दोघं खेळाडू दोन्ही बाजूंनी आले, काखेत हात घालून त्यांनी तिला उभं केलं. काठी बाजूला झाली. "जावा आता," नलूताई म्हणाल्या, "पण आता तुमचं काय काम न्हाई तिथं." मी गेलो नाही. कठड्याला धरून उभा राहिलो आणि कुणावर चिडावं हे न कळून मॉलवाल्यांच्या थंडीवर चिडलो.

तो नियम नंतर मला पाठ झाला. पडलेल्या माणसानं हात वर केल्याशिवाय त्याला कुणी शिवायचं नाही. हात वर झाला की मात्र जे दोघं सगळ्यात जवळ असतील, मग ते आपले असोत की समोरच्या संघातले, त्यांनी खेळ सोडून तिथं जायचं. गोल होत असला तरी. नलूताईंना गोलांचं फारसं कौतुक नव्हतं. गोल झाला तर त्या "बरं" म्हणायच्या. कुणी पडून हात वर केला आणि दोघं धावत गेले, तर टाळ्या वाजवायच्या.

त्या हडपसरच्या. गावठाणातलं जुनं शेतकरी घर. शेतावर आता इमारती आहेत. शाळेत पीटीच्या बाई होत्या, तरुणपणी मैदानी हॉकी खेळलेल्या, लग्न केलेलं नाही. निवृत्तीनंतर त्यांनी शाळेच्याच सिमेंटच्या मैदानावर चाकांच्या स्केट्सवर हा संघ सुरू केला आणि मग मॉलच्या मॅनेजरमागं लागून लागून बर्फ मिळवला. तोवर बर्फ त्यांनी पाहिला होता तो गोळेवाल्याच्या गाडीवर. स्वतः स्केट्स कधी घातले नाहीत. बुटांवर मोजे चढवून बर्फावर अशा चालायच्या की घरच्या अंगणात चालल्यात. पडत बिडत नसत.

खेळ साधा करून घेतलेला. चकती कडक रबराची नाही, स्पंजाची. धक्काबुक्की बंद. साधारण सारख्या वेगाचे खेळाडू एकमेकांसमोर, आणि घंटा वाजली की सगळे बाहेर, पुढचे आत, म्हणजे बाकावर बसून राहायची वेळ कुणावर येत नाही. घंटा माझ्याकडं होती. मला वाटतं, मी तोंड बंद ठेवावं म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली. रोज सकाळी त्या मला "जय भीम साहेब" म्हणायच्या आणि मी त्यांना "रामकृष्ण हरी" म्हणायचो. हे कसं सुरू झालं आठवत नाही, पण एकदा मी चुकून नुसतं "गुड मॉर्निंग" म्हटलं तर त्यांनी विचारलं, तब्येत बरी हाय ना.

खेळाडूंना 'मुलं' म्हटलेलं त्यांना खपत नसे. एका पालकबाईंनी 'ही निरागस देवाची लेकरं' असं काहीतरी काढलं, तेव्हा नलूताईंनी बर्फावरच्या एका दाढीवाल्या गड्याकडं बोट केलं आणि विचारलं, ह्यातलं लेकरू कोणतं. त्या बाई नंतर बरेच दिवस रिंकपासून लांब बसायच्या.

आता बापू. खरं नाव सुरेश, पण सगळ्यांचा बापू. नलूताईंचा सगळ्यात धाकटा भाऊ, पन्नाशीकडं झुकलेला, उंच, अंगानं भरलेला. बुद्धीची वाढ लहानपणीच थांबलेली. आई गेल्यापासून नलूताईंनीच सांभाळलेला. बोलायचा अगदी थोडं. "ताई", "चल", "भाकरी", आणि खूश असला की नुसता "हां". स्केट्सवर मात्र झकास जायचा, फक्त सरळ. वळणं त्याला जमलं नाही. नाकासमोर जायचा, समोरच्या कठड्यावर आपटायचा आणि थांबायचा. त्याचा ब्रेक म्हणजे तो कठडा. म्हणून नलूताई त्याला गोलपोस्टपुढं उभा करायच्या आणि तो तिथं खांबासारखा राहायचा. चकती त्याच्या पायांना लागून परत जायची, आणि सगळे "बापू, बापू" ओरडले की तो मान हलवायचा.

पण हा बापू हात वर करत नसे. पडला की पडला. कण्हणं नाही, रडणं नाही. बर्फावर कुशीवर पडून तो फक्त ताईला शोधायचा, आणि ताई दिसली की तिच्याकडं बघत राहायचा. ती येईल आणि उचलेल, एवढंच त्याला माहीत.

आणि ताई जात नसे. त्या वेळी ती काय करायची हे मी कित्येकदा पाहिलंय. त्याच्याकडं पाठ करायची, चष्मा काढायची आणि स्वेटरच्या कडेनं पुसत बसायची. चष्म्याशिवाय तिला हातभर अंतरावरचं दिसत नसे, हे मला नंतर कळलं. काच केव्हाच स्वच्छ झालेली असायची, तरी पुसणं चालूच. खेळ थांबलेला, बाकीचे जागच्या जागी उभे, कठड्याबाहेर आम्ही सगळे आईबाप, आणि बर्फावर हा एवढा थोरला माणूस. खालून त्याची पँट ओली होत जायची. कुणीतरी जवळ जाऊन हात वर करून दाखवायचं, "बापू, असा, असा." बापू त्या हाताकडं पाहायचा आणि परत ताईकडं. मग केव्हातरी कंटाळून तो स्वतःच गुडघ्यांवर यायचा, रांगत कठड्यापर्यंत जायचा, धरून उभा राहायचा. नलूताई चष्मा घालायच्या. "वाजवा साहेब घंटा." आवाज कोरडा. मी वाजवायचो.

एकदा हे इतकं लांबलं की मला राहवलं नाही. सगळे गेल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं आणि स्पष्ट बोललो. म्हटलं, बाई, शिस्त समजू शकतो, पण हा अतिरेक आहे. त्याला जमत नाही, तो करणार नाही. त्याला कशाला असा सगळ्यांसमोर ओल्यात लोळवता. तुम्हाला दगडाचं काळीज दिलंय का देवानं.

मला वाटलं आता काठी पडणार. पण त्या बाकावर बसल्या आणि सांगायला लागल्या. मध्ये एकदा पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी त्यांना दवाखान्यात राहावं लागलं होतं. बापू घरी. शेजारची वहिनी त्याला दोन वेळचं जेवण द्यायची. त्यातल्या एका सकाळी तो मोरीत पाय घसरून पडला. पाय मुरगळला, उठता येईना. भिंतीच्या पलीकडं माणसं होती. टीव्ही चालला होता, पोरं खेळत होती, दुपारी वहिनीनं दाराशी ताट ठेवलं, हाक मारली, उत्तर नाही म्हणून झोपला असेल असं समजून गेली. बापू संध्याकाळपर्यंत ओल्या फरशीवर पडून होता. ओरडला नाही, दार वाजवलं नाही. ताई घरात नव्हती, मग हाक कुणाला मारायची.

"त्याला वाटतं साहेब, जगात उचलणारी मी एकटीच हाय," त्या म्हणाल्या. "आन् मी काय जन्माला पुरणार न्हाई."

त्यांचं हृदय कमजोर झालेलं होतं, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं. डॉक्टरांनी फार आशा दाखवली नव्हती. त्यांच्या मागं बापूचं काय, एवढा एकच प्रश्न त्यांना होता आणि त्याची दोन उत्तरं होती. थोरल्या भावाचा मुलगा संदीप खराडीतच एका कंपनीत होता, बायकोही नोकरीला. पोरगा चांगला. काकाला आम्ही ठेवून घेऊ म्हणाला. पण आत्या, तो म्हणाला, दिवसभर घरी कुणी नसतं. सोसायटीत माणसं आहेत, वॉचमन आहे, समोरच्या आजी आहेत, त्यांना मी सांगून ठेवीन. पण काकानं त्यांना बोलवायला तर पाहिजे. तो पडून राहिला आणि आम्ही संध्याकाळी आलो तर? खोटं काहीच बोलला नव्हता. दुसरं उत्तर म्हणजे घाटापलीकडची एक संस्था. नलूताई बापूला घेऊन ती बघून आल्या होत्या. स्वच्छ होती, ओळीनं खाटा होत्या. निघताना बापूनं संस्थेचं फाटक धरून ठेवलं, आतल्या बाजूनं नव्हे, बाहेरच्या. परत आत नेऊ नये म्हणून.

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी वाद घालणं सोडलं. बापू पडला की मीही खाली घंटेकडं बघायला लागलो. मला लाज वाटत नाही सांगायला, मी मनातल्या मनात त्याला विनवायचो. अरे कर की बाबा, कर एकदा.

बाहेरगावचा एक संघ आमच्याशी खेळायला आला, त्या दिवशी तर वाटलं की आता होणार. रिंकभोवती त्यांचे पालक, आमचे पालक, मॉलचा तरुण मॅनेजर कुणाल फोनवर व्हिडिओ काढत उभा. बापूनं चांगल्या दोन-तीन चकत्या अडवल्या होत्या आणि रंगात आला होता. मग त्यांच्या एका खेळाडूची काठी त्याच्या पायात आली आणि तो आडवा झाला. खेळ थांबला. नलूताईंनी पाठ केली, चष्मा काढला. आमची माणसं सवयीची, गप्प. पण पाहुण्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. अरे उचला ना. बघत काय बसलेत. कसली माणसं आहेत ही. कुणाल माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, प्लीज, समथिंग करा. इट लुक्स व्हेरी बॅड." म्हटलं, तुम्ही आधी तो फोन खाली ठेवा, तो जास्त वाईट दिसतोय.

बापूचं ताईकडं बघणं चालू होतं. ताईची पाठ दिसत होती. मग त्यानं मान वळवली. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तो पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाकडं तरी बघत होता. आमची मुक्ता त्याच्या समोर हात वर करून उभी होती आणि तो तिच्याकडं, मग शेजारच्या मुलाकडं बघत होता. त्याचा उजवा हात बर्फावरून किंचित सुटला.

आणि पाहुण्यांमधले एक गृहस्थ, चांगले धिप्पाड, बूट घालून थेट बर्फावर आले, "चलो बेटा, चलो" म्हणत त्यांनी बापूच्या काखेत हात घातला आणि त्याला उभा केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बापू खूश. "हां," म्हणाला.

नलूताईंनी चष्मा घातला आणि त्या गृहस्थांपुढं हात जोडले. आभारी आहे म्हणाल्या. माणूस भला होता, त्याला काय ठाऊक. पण सामना संपल्यावर मी घंटा ठेवायला स्केट्सच्या खोलीत गेलो, तर त्या तिथं फळीवरच्या हेल्मेटांकडं तोंड करून रडत होत्या. खांदे हलत होते. मला बघून त्यांनी नाक पुसलं. "हात सुटला होता साहेब, पाहिलात ना तुमी?" मी म्हटलं, पाहिला. "आता परत पयल्यापासनं," त्या म्हणाल्या आणि हेल्मेटं पुसायला लागल्या. मलाही त्या क्षणी त्या भल्या माणसाचा गळा धरावासा वाटला, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर त्यांनी नवीन सराव काढला. रोज खेळाच्या मध्येच कधीतरी स्वतः बर्फावर पडायचं. मुद्दाम. खाली बसायच्या, मग आडव्या व्हायच्या आणि पडून राहायच्या. सगळ्यांनी भोवती उभं राहायचं, पण शिवायचं नाही. मग त्या हात वर करायच्या आणि दोघांनी येऊन उचलायचं. कधी चटकन करायच्या, कधी मुद्दाम खूप वेळ लावायच्या, आणि कुणी घाईनं पुढं आलं की आडव्या पडल्या पडल्या ओरडायच्या, "हात वर केलाय का मी?" सगळ्यांना त्यात मजा वाटायची. बापूला नाही. तो पहिल्या दिवशी सरळ ताईकडं निघाला, तर त्याला मागं धरून ठेवावं लागलं. पुढं तोही शिकला. ताई पडली की गोलपोस्ट सोडून यायचा आणि तिचा हात वर होईपर्यंत तिच्या तोंडाकडं बघत उभा राहायचा. मी त्यांना म्हटलं, अहो, ह्या वयात, ह्या हृदयानं, त्या गार बर्फावर काय झोपता. म्हणाल्या, ज्यांना उचलायला शिकवलंय त्यांच्यासमोर पडायला काय भ्यायचं.

सराव चालू असताना आम्हा पालकांना त्या बाहेर हाकलायच्या. तुमच्याकडं बघत बसतात ते, म्हणायच्या, मॉलच्या मागं टपरी हाय, चहा प्या जावा. तशी मॉलच्या दारातून रिंक दिसते, जाड काचेतून. आवाज येत नाही.

त्या सकाळी घंटेचं काम नव्हतं, नुसता सराव होता. मी टपरीवरून नलूताईंसाठी थर्मासमध्ये चहा घेऊन परत येत होतो. काचेतून पाहिलं, तर त्या पडलेल्या होत्या आणि सगळे भोवती गोल करून उभे होते. रखवालदार मला म्हणाला, "चाललंय रोजचं, काका." मीही तेच समजलो. काचेला टेकून उभा राहिलो. आज बाईंनी बराच वेळ लावायचं ठरवलंय, एवढंच मनात आलं.

गोल शांत होता. कुणी हलत नव्हतं. शिकवलं होतं तसंच सगळं. मुक्ता एकदा खाली वाकली, काहीतरी बोलली, मग स्वतःचा हात वर करून तिनं ताईंना दाखवला, जसा बापूला दाखवायचे तसा. मला हसू आलं. मग मला नलूताईंचा पाय दिसला. एका बुटावर मोजा नव्हता. तो लांब, बर्फावर वेगळा पडलेला होता. आणि त्या रोज निजायच्या तशा पाठीवर नव्हत्या. तोंड खाली, उजवा हात अंगाखाली दुमडलेला. मला हे सगळं दिसत होतं आणि तरी माझं डोकं सराव, सराव असंच म्हणत होतं. त्यांनी मलाही तितकंच पक्कं शिकवलं होतं.

बापू त्यांच्या डोक्याशी उभा होता. त्यानं वाट पाहिली. त्यानं शेजारच्यांकडं पाहिलं, तेही वाट पाहत होते. मग तो खाली बसला. स्केट्स असल्यामुळं त्याला नीट बसता येईना, तो अर्धा घसरलाच. ताईच्या शेजारी तो बर्फावर आडवा झाला, तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं. आणि त्यानं हात वर केला.

सरळ वर. बोटं ताठ.

हात वर झाल्याबरोबर जवळचे दोघं आले आणि त्यांनी नियमाप्रमाणं बापूच्या काखेत हात घातले. बापूनं दुसऱ्या हातानं त्यांना ढकललं. परत घातले, परत ढकललं. तो वर केलेला हात खाली येऊ देईना. त्यांना कळेना, हात वर आहे आणि उठत नाही म्हणजे काय. आणि मग बापूनं काचेकडं पाहिलं. त्याला मी दिसलो. माझ्याकडं बघत त्यानं तो हात हलवला, आणि त्याचं तोंड उघडलेलं मला दिसलं. आवाज आला नाही, पण तो ओरडत होता.

थर्मास माझ्या हातातून कुठं गेला मला माहीत नाही. मी दार ढकलून आत गेलो, साध्या चपलांनी बर्फावर गेलो, पडलो, गुडघ्यांवर गेलो. तेव्हा तो आवाज ऐकला. "काका! ताई! काका, ताई!" मला तो काका म्हणत होता. त्यानं मला आजवर कधी हाक मारली नव्हती.

नलूताईंचा श्वास चालू होता. खांदा निखळून हाड मोडलं होतं, हात उचलणं शक्यच नव्हतं, आणि दुखण्यानं त्या मध्ये मध्ये शुद्ध हरपत होत्या. रखवालदार आला, कुणाल आला, त्यानं बिचाऱ्यानं मुकाट्यानं ॲम्ब्युलन्सला फोन केला. मी त्यांच्या डोक्याखाली माझा स्वेटर घातला. त्यांनी डोळे उघडले. चष्मा नव्हता, त्यांना माझा चेहरा दिसला नसणार, आवाजावरून ओळखलं.

"साहेब, हात कुणी वर केला?"

म्हटलं, बापूनं.

त्यांनी डोळे मिटले. मी घाबरलो, तर म्हणाल्या, "परत सांगा."

मी परत सांगितलं. बापू शेजारीच पडलेला होता आणि त्याचा हात अजून वरच होता. कुणीतरी त्याला खाली घे म्हणेपर्यंत त्यानं तो तसाच धरला होता.

त्यानंतर काही दिवस रिंक बंद राहिली. कुणालच्या वरच्या साहेबांनी खूप फाटे फोडले, शेवटी बर्फावर एक धडधाकट माणूस कायम उभा राहील या अटीवर परत दिली. तो माणूस म्हणजे मी. मला मोजे चढवलेले बूट घालून पुतळ्यासारखा उभा राहिलेला पाहून आमच्या हिला जे हसू येतं, त्यावर मी बोलणार नाही.

खांदा जुळेपर्यंत नलूताई एकदाच रिंकवर आल्या. हात गळ्यात बांधलेला. आत आल्या नाहीत. काचेबाहेर, पालकांच्या बाकावर बसल्या आणि टपरीचा चहा प्यायल्या. असला चहा तुमी रोज कसा पिता, एवढंच म्हणाल्या. आत बापू पडला. तिथं मीच उभा होतो. त्यानं मान फिरवली, काचेकडं नाही, माझ्याकडंही नाही, शेजारच्या पोराकडं, आणि हात वर केला. मी काचेकडं पाहिलं. नलूताई पाठ करून बसल्या होत्या आणि शेजारच्या बाईंशी काहीतरी बोलत होत्या. त्यांनी पाहिलं की नाही, मी विचारलं नाही.

त्यांचं हृदय पुढं फार दिवस चाललं नाही. बापू आता संदीपकडं असतो. समोरच्या आजींना दिवसातून चारदा हाक मारून हैराण करतो असं संदीप सांगतो, आणि सांगताना हसतो. पण नलूताई मला आठवतात त्या शेवटच्या दिवसांतल्या नव्हेत. हात गळ्यात बांधून आल्या, त्या दिवशी रिंकवरून निघाल्यावर दिसल्या, त्या.

मुक्ता मागं बसलेली, मी स्कूटरवर सिग्नलला थांबलो होतो. पलीकडच्या थांब्यावर ती दोघं होती. हडपसरची बस नलूताई कशी थांबवायच्या हे सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होतं: हॉकीची काठी घेऊन रस्त्यात उतरायच्या, आणि बापू थांब्याचा खांब धरून मागं उभा राहायचा. त्या दिवशी त्या बाकावर बसलेल्या होत्या. बापू एकटा कडेला उभा होता. बस आली. बापू बसकडं बघत राहिला, बस निघून गेली. नलूताई उठल्या नाहीत. एका हातानं त्यांनी चष्मा काढला आणि गळ्यातल्या पट्टीवर पुसायला सुरुवात केली.

माझा सिग्नल सुटला. मी हललो नाही. मागून दुसरी बस येताना दिसत होती. बापूनं वळून ताईकडं पाहिलं. ताई काच पुसत होती. बस जवळ आली, थांबणार नाही अशाच वेगात. बापू एक पाऊल पुढं गेला आणि त्यानं हात वर केला, सरळ, बोटं ताठ. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. बस पुढं जाऊन थांबली, आणि बापू परत बाकापाशी आला, ताईच्या चांगल्या हाताखाली त्यानं हात घातला. "ताई, चल," म्हणाला असणार. तेवढंच तो बोलायचा.

नलूताईंनी चष्मा घातला आणि उठल्या. माझ्या मागं एक रिक्षावाला कर्कश हॉर्न वाजवत होता. म्हटलं, वाजव.